शंका असेल तर फोन करा

मखमलाबाद, नाशिक
१२ नोव्हेंबर २०२५

सुनीलभावजी,

धाकट्या दिराला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचा असतो. हात तिथे अडला, म्हणून तो सोडून पुढे लिहिते. माझा फोन तुम्ही उचलत नाही. दवाखान्यातली मुलगी "सर पेशंट बघताहेत" एवढंच सांगते. म्हणून हे पत्र. फूलबाजारातून परतताना तुमच्या काउंटरवर देईन.

तुमच्या दादांचा फोन मी बंद केलेला नाही. झेंडूचे व्यापारी अजून त्यावरच बोलतात. पण दिवाळीपासून वेगळेच फोन येऊ लागलेत. सटाण्याहून, सिन्नरहून, कुठून कुठून. "देवरामभाऊ बोलताय का? तुमचा व्हिडिओ पाहिला. जखम खरंच भरली का हो?"

मी सांगते, "ते वारले."

पलीकडचं माणूस फोन ठेवून देतं. एक गृहस्थ तर म्हणाले, "माफ करा ताई, चुकीचा नंबर लागला वाटतं."

तो व्हिडिओ तुम्ही मार्चमध्ये काढलात. हे मे महिन्यात गेले. आज नोव्हेंबर आहे आणि हे अजून तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवरच्या टीव्हीत खुर्चीवरून उठतात, खिडकीपर्यंत चालत जातात, परत येतात आणि सांगतात, "माझ्या पायाची दोन बोटं कापा म्हणत होते. एकही कापलं नाही. कोणाला शंका असेल तर मला फोन करा." आणि नंबर सांगतात. नंबर सांगा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला क्रेट देताना म्हणायचे ना, "फूल उद्या मान टाकेल तर फोन कर," त्याच सवयीने सांगून मोकळे झाले.

त्याच्या आधी त्यांचं एक वाक्य होतं, "हे माझ्या धाकट्या भावानं केलं." ते आता त्यात नाही. नातं कापलंत आणि नंबर ठेवलात.

आज सकाळी अक्काबाई नावाच्या बाईंचा फोन आला. सुरगाण्याकडच्या आहेत. नवरा पुंजा आणि त्या निफाडला द्राक्षबागेत कामाला आल्यात. बागेतली तार पुंजांच्या पायात घुसली, अंगठा काळा पडला, तेव्हा कळलं की त्यांना साखर आहे. सिव्हिलच्या डॉक्टरांनी अंगठा काढा, उशीर करू नका, असं सांगितलं. मग तुमचा माणूस भेटला. तुम्ही म्हणे त्यांचं फुकट करणार. फक्त जखमेचे फोटो काढू द्यायचे.

"देवरामदादांशी बोलायचं व्हतं," त्या म्हणाल्या. "आमचा हा अंगठा द्यायला तयार नाय. डोंगर कसा चढू म्हनतो."

मी सांगितलं की दादा नाहीत. त्या म्हणाल्या, "आसं कसं? काल तर आमी त्यांना चालताना पाह्यलं."

भावजी, तो व्हिडिओ काढून टाका. टीव्हीवरचाही आणि दिवाळीपासून मोबाईलवर फिरतोय तोही. आणि पुंजांना सिव्हिलला परत पाठवा. मागणं एवढंच आहे.

तुमची वहिनी,
ललिता

१५ नोव्हेंबर

सुनीलभावजी,

तुमच्या दोन ओळी मोबाईलवर मिळाल्या. "दादा हार्टने गेले. पायाचा संबंध नाही. वहिनी, तुम्ही दुःखात आहात, आराम करा."

हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मरतं का? आधी बोटं गेली, मग घोटा, मग गुडघ्याखालचा पाय. विष रक्तात उतरलं आणि शेवटी हृदय थांबलं. तुम्ही कागदाची शेवटची ओळ वाचताय. मी पहिल्या ओळीपासून त्यांच्या उशाशी होते.

दुःख आहे. ते माझ्यासोबत उठतं, शेतात येतं, फुलं तोडू लागतं. त्याची मला सवय झाली. हे पत्र त्यातून आलेलं नाही. तुमचं नाव घेतलं की मला किळस येते, भावजी. तुम्ही आठवीत असताना मी या घरात आले. तुमचे डबे मी भरले. त्या माणसाची किळस यावी हे मलाच पटत नव्हतं, म्हणून मी आधी वाचून पाहिलं. म्हटलं, आपल्याला कळत नसेल.

मी सातवी शिकले. फुलं बांधायला आणलेली रद्दी मी आधी वाचायची आणि मग वापरायची, यावरून सासूबाई रागवायच्या. तुम्हीच तेव्हा माझी बाजू घेऊन म्हणायचात, "वाचू दे गं आई, फुलं पळून जाणार नाहीत." आता वाचनालय आहे, मोबाईल आहे. इंग्रजीचं मराठी करून मिळतं. वाक्यं उलटी पडतात, पण अर्थ लागतो.

तुम्ही आम्हाला तुमची प्रयोगशाळा दाखवली तो दिवस आठवतो? काचेच्या कपाटात बाटल्या आडव्या निजवलेल्या, त्यांत गुलाबी पाणी. हे म्हणाले, "सुन्या, हे तर गुलाबाचं सरबत."

"दादा, यात मूळ पेशी वाढताहेत. बाळंत झालेल्या बायकांच्या नाळेतून घेतलेल्या."

"आपण तर नाळ पुरतो."

"तुम्ही पुरता, मी पेरतो," तुम्ही म्हणालात. मला ते आवडलं होतं. खरंच आवडलं होतं. "या पेशी भोवतालच्या पाण्यात काय काय सोडत असतात. पेशी काढून घ्यायच्या आणि ते पाणी जखमेला द्यायचं. शरीराला भरून यायचा निरोप मिळतो."

"म्हणजे दही ठेवून घेतोस आणि निवळी विकतोस," हे म्हणाले, आणि तुम्ही दोघं भाऊ किती हसलात.

निवळीची गोष्ट खोटी नाही, हे मला वाचून कळलं. काचेत कातडीच्या पेशींवर रेघ ओढली तर या पाण्यात ती लवकर भरते. उंदरांच्या जखमा भरल्या. माणसांवर थोड्या चाचण्या झाल्या, काहींचे निकाल बरे आहेत. मोठमोठे लोक त्यावर काम करताहेत आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहिताहेत की अजून नक्की माहीत नाही. हे वाक्य तुमच्या कुठल्या भिंतीवर मला दिसलं नाही. ज्याची परीक्षा चालू आहे ते परीक्षा म्हणूनच द्यायचं, माणसाला तसं सांगून, असंही वाचलं. आम्हाला तुम्ही औषध म्हणून दिलंत.

आणखी एक वाचलं. या पेशींना वाढवायला पुष्कळ ठिकाणी गाभण गाईच्या पोटातल्या वासराचं रक्त घालतात. वाटलं, आता उलटी होईल. झाली नाही. एखाद्याचा पाय त्याने वाचत असेल तर मी नाक मुरडणार नाही. पण आई मेलेल्या वासराला तुमच्या दादांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्यांना विचारायला हवं होतं. ते कदाचित हो म्हणाले असते. विचारायचं सुद्धा नाही, हे मला गिळवत नाही.

पुंजांना सिव्हिलला पाठवलंत का, ते तुमच्या दोन ओळींत नाही.

वहिनी

१८ नोव्हेंबर

सुनीलभावजी,

आज मी स्वतः आले होते. तुम्ही काचेतून मला पाहिलंत आणि आत निघून गेलात. मी काचेत तुमची पाठ पाहिली. चालताना दादांसारखाच डावा खांदा खाली टाकता.

अक्काबाई आणि पुंजा बाकावर बसले होते. मी ओळख सांगितली. "फोनवर बोलले ती मीच, ललिता. देवरामांची बायको."

अक्काबाई बाजूला सरकल्या. जागा द्यायला नव्हे, लांब व्हायला. "डाक्टरनं सांगितलं आमाला. म्हनले, त्या नंबरवर कोनीतरी बाई आसते. तिचं डोकं फिरलंय, ऐकू नका."

कोणीतरी बाई. भावजी, तुमच्या लग्नात तुम्हाला हळद मी लावली.

मी त्यांना सगळं सांगितलं. वरून कातडी कशी धरली, हे किती खूश झाले, आणि आत हाडापर्यंत कसं सडत गेलं. साखरेने पायाची जाणीव गेलेली, दुखलं असतं तर कळलं असतं. पुंजा ऐकत होते. साधा, हसरा माणूस. म्हणाले, "बाई, हाताचा अंगठा सरकारनं रेशनच्या मशिनीवर कवाच घेतला. आता पायाचा बी देऊन टाकू व्हय?"

"अंगठा द्या आणि पाय ठेवा," मी म्हटलं.

तेवढ्यात वर टीव्हीत हे खुर्चीवरून उठले. खिडकीकडे चालू लागले. पुंजांनी बोट दाखवलं. "हे बघा की. हे मेले म्हनता?"

आणि अक्काबाई माझ्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, "नवरा मेला म्हनतीस आन् कुंकू हाय तुझ्या कपाळाला. गळ्यात मनी बी हायेत. खोटं तरी नीट बोल बाई."

शेवटच्या दिवसांत हे म्हणाले होते, "लली, कुंकू पुसायचं नाही. जातोय मी. तुझं कपाळ कुठे जातंय?" दशक्रियेला रामकुंडावर बायका पुढे आल्या तेव्हा मी हात आडवा धरला होता. तुम्ही होतात तिथे. पिंडाला कावळा शिवायच्या आधी गाडीत जाऊन बसलात. गावातल्यांनी मला नावं ठेवली, ती मी सोसली. पण याच कुंकवामुळे एका माणसाचा पाय जाईल असं मला वाटलं नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या एकदा पदर कपाळापर्यंत नेला. नाही पुसलं. त्यांनी मागून घेतलेली ती एकच गोष्ट आहे.

मग तुमच्या नर्सने पुंजांना आत नेऊन पायाची पट्टी सोडली. दार उघडंच होतं. वास आला. फूलबाजारात क्रेटच्या तळाशी राहिलेला झेंडू चिकट होऊन काळा पडतो, त्या वासात थोडं गोड मिसळलं की जसं होईल तसा. मी तो दीड महिना घरात घेतलाय. आणि लगेच नर्सने बाटलीतून फवारा मारला. मोगऱ्याचा.

तो मोगरा मी ओळखला, भावजी. कारण मार्चमध्ये ह्यांना खुर्चीवर बसवून, पायात नवे मोजे घालून, कॅमेरा लावायच्या आधी तुम्ही स्वतःच्या हाताने खोलीभर हाच फवारा मारला होता. हे म्हणाले होते, "सुन्या, आमच्या वाफ्यात मोगरा असताना हे कशाला?" आणि मी वासाचं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "औषधाचा वास आहे वहिनी."

वास झाकायचा तर तो आधी ओळखावा लागतो. तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही ओळखला होतात. वर भरलेली कातडी खाली काय झाकून बसलीय हे तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं, आणि तरी तुम्ही म्हणालात, "दादा, एकदा चालून दाखव."

आजपर्यंत मी समजत होते की तुमचं चुकलं. चुकलेल्या माणसाला शिव्या देऊन घरात घेता येतं.

शुक्रवारी पुंजांना पहिलं इंजेक्शन आहे असं अक्काबाई म्हणाल्या. शुक्रवारच्या आत तो टीव्ही बंद करा. नाही केलात तर मी येते.

ललिता

२१ नोव्हेंबर

सुनीलभावजी,

तुम्ही आतल्या खोलीत होतात, म्हणून बाहेर काय झालं ते माझ्याकडून ऐका. काउंटरवरच्या मुली तुम्हाला मीठमसाला लावून सांगतील.

घरात ह्यांच्या फोटोला मी कधी हार घातलेला नाही. हेच म्हणायचे, "आयुष्यभर झेंडूचीच ओझी वाहिली. मेल्यावर तरी गळ्यात झेंडू नको." आम्ही हसायचो. म्हणून भिंतीवरचा फोटो मोकळा आहे. सकाळी एक फूल खाली ठेवते, तेवढंच.

आज पहाटे आपल्या वाफ्यातला झेंडू आणि शेवंती तोडली आणि हार ओवला. लांब, दुपदरी. ओवायची सवय हातात असते. पिशवीत घालून सिटी बसने आले.

तुमची बाहेरची खोली भरलेली होती. पुंजा आणि अक्काबाई टीव्हीच्या समोरच होते. टीव्हीत हे नुकते खुर्चीवर येऊन बसले होते. मी एक खुर्ची भिंतीला लावली, चप्पल काढली आणि वर चढले.

काउंटरवरची मुलगी ओरडली, "अहो आजी! काय करताय? उतरा खाली, पडाल!"

मागून कोणी म्हणालं, "मावशी, बाजूला व्हा की, बघू द्या आम्हाला."

मी टीव्हीच्या दोन्ही कोपऱ्यांना हार अडकवला. नीट, फोटोला घालतात तसा. मध्यभागी शेवंतीचा गोंडा येईल असा. हात जोडले. मग खाली उतरून बाजूला उभी राहिले.

हे हारातून बोलत होते. "एकही कापलं नाही. कोणाला शंका असेल तर मला फोन करा."

जो माणूस बाजूला व्हा म्हणत होता त्याने डोक्यावरची टोपी काढली. मी अक्काबाईंकडे पाहत होते. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्या कुंकवाकडे पाहिलं, परत हाराकडे पाहिलं. मग उठून माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरला. त्यांचा हात बागेतल्या कामाने खरबरीत झालाय.

"जित्या नवऱ्याच्या फोटोला कोनची बाई हार घालंल?" त्या पुंजांना म्हणाल्या. "ऊठ."

पुंजा म्हणाले, "आगं पन डाक्टर..."

"ऊठ म्हनते ना! डोंगर चढाया पाय लागतो, अंगठा नाय. आन् न्हाईच चढता आला तर मी चढंन. तू खाली बस."

तेव्हा तुम्ही बाहेर आलात. तुम्ही काय केलंत ते मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर तुम्ही ते विसराल. तुम्ही पुंजांकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडेही नाही. हाराकडे पाहिलंत आणि मुलीला म्हणालात, "ते काढ आधी."

मुलीने हात लावला नाही. म्हणाली, "सर, मयताचा हार आहे. मी नाही काढणार."

तुम्हीही काढला नाहीत.

आम्ही तिघं रिक्षाने सिव्हिलला गेलो. वाटेत पुंजा एकदाच बोलले. "दादा बोलायला लय गोड व्हते." मी म्हटलं, "हो. आणि खोटं नव्हते बोलत. त्यांना तसंच वाटत होतं."

भावजी, तुमच्या दादांना पहिला हार मी तुमच्या दवाखान्यात घातला. त्यांनी नको म्हटलेला झेंडूचा. त्याची माफी मी त्यांच्याकडे मागेन. तुमच्याकडे नाही.

ललिता देवराम

९ डिसेंबर

सुनीलभावजी,

हे शेवटचं पत्र. यापुढे लिहिण्यासारखं तुमच्या-माझ्यात काही उरत नाही.

पुंजांचा अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. आणखी उशीर झाला असता तर पाय घोट्यापासून काढावा लागला असता, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जखम सुकतेय. हळूहळू सुकतेय, रोज पट्टी बदलून, साखर आवरून. गुलाबी पाण्याशिवाय. मी मुद्दाम जवळ वाकून वास घेतला. डेटॉलचा होता. काल सुट्टी मिळाली. अक्काबाईंनी गावाकडून नागलीचं पीठ मागवून मला आणून दिलं आणि चुलीपाशी बसून भाकरी कशा थापायच्या ते दाखवलं. मला येतात, तरी मी शिकले. पुंजा टाच टेकून अंगणात चालून दाखवत होते. मी म्हटलं, "बसा हो, चालून दाखवू नका कोणाला."

व्हिडिओ तुम्ही बंद केलात, असं कळलं. टीव्हीवर आता समुद्राचे मासे फिरतात म्हणे. खोलीत बसलेल्या कोणी हार घातलेल्या टीव्हीचा फोटो काढून पाठवला आणि तो तुमच्या व्हिडिओपेक्षा जास्त फिरला. मी कोणाला पाठवला नाही. तक्रार मात्र केली आहे. अर्ज मी स्वतः लिहिला आणि मोगऱ्याच्या फवाऱ्यासकट लिहिला. चौकशीला बोलावतील तेव्हा हेच सांगेन. त्या पाण्याबद्दल मी वाईट काही लिहिलेलं नाही. कोणीतरी ते नीट शोधून काढो. तुमच्या हातून नको.

तुम्ही घरी याल, असं गावात काही जण म्हणतात. मोठा भाऊ गेल्यावर वहिनी आईच्या जागी, तिने पोटात घालावं, असंही म्हणतात. पोटात पुष्कळ घातलं. हे राहत नाही, उलटून येतं.

काल संध्याकाळी मी वाफ्याला पाणी देत होते आणि ह्यांचा फोन वाजला. मला वाटलं, व्यापारी असेल. पडद्यावर नाव होतं, "सुन्या". त्यांनी तसंच लिहून ठेवलेलं आहे.

माझा नंबर तुमच्याकडे आहे. तुम्ही माझ्या नंबरवर केला नाहीत. त्यांच्यावर केलात.

मी नळी खाली ठेवली आणि फोन हातात धरून उभी राहिले. खूप वेळ वाजत राहिला. त्यांच्या त्या फोनवर मी अनोळखी माणसांना "ते वारले" हे इतक्या वेळा सांगितलंय की ते आता जिभेवरच असतं. तुम्हाला सांगायला मी फोन उचलला नाही.

"कोणाला शंका असेल तर मला फोन करा," असं ते म्हणाले होते. तुम्हाला ती आता आली, एवढं मला कळलं.

देवराम यांची पत्नी,
ललिता